नावाआधीचा उपसर्ग

उषाताईंच्या मागच्या केसांना मेंदी लावून झाली होती आणि पुढचा पांढरा पट्टा तेवढा राहिला होता, तेवढ्यात गोटूचा फोन आला. रंजिताचे दोन्ही हात बरबटलेले. तिने करंगळीच्या पेराने स्पीकर लावला आणि फोन आरशाखालच्या फळीवर कंगव्यांच्या डब्याला टेकवून ठेवला. गोटू म्हणजे इतवाऱ्यातला छापखानेवाला. अर्ध्या बऱ्हाणपूरच्या लग्नपत्रिका त्याच्याकडे छापतात आणि फोनवरही तो मशीन चालू असल्यासारखा ओरडून बोलतो. "भाभी, बच्ची की पत्रिका लगा दी. एकदम फर्स्टक्लास दिसून राहिली. बस एक ठिकाणी अटकलो. भाईसाब के नाम के आगे काय टाकू? श्री की स्वर्गीय?" आता हे काय गिऱ्हाइकासमोर विचारायचं झालं? पण त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, स्पीकर लागलाय ते. आरशातली उषाताईंची नजर झटकन मांडीवरच्या टॉवेलवर गेली. "सांगते," रंजिता म्हणाली. "आजच सांगा हां भाभी, शामपर्यंत. उद्या सकाळी छपाईला घेतो." फोन बंद झाला. रंजिताने ब्रश वाटीत बुडवला आणि उरलेला पट्टा कानामागे ओघळ न येऊ देता नीट भरून काढला. उषाताईंनी लेकीच्या लग्नाच्या साड्या कुठून घेणार ते विचारलं आणि तिनेही ते सांगितलं.

बारा वर्षं होऊन गेली, पण हा प्रश्न असा सरळ, उघड्यावर कुणी विचारला नव्हता. माणसं फार सांभाळून असतात. 'दीपालीचे पप्पा' म्हणतात, 'तुमच्याकडचे' म्हणतात, अगदीच अडलं तर नुसतं 'ते' म्हणून पुढे जातात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलं की पंचाईत. बायका ओळीने कुंकू लावत येतात आणि रंजितापाशी आल्या की बोट क्षणभर अधांतरी थांबतं. लावतात मग. न लावलं तर कारण काय सांगतील? पण ते थांबलेलं बोट तिला कपाळावर कळायचं, कुंकू टेकायच्या आधीच तिथली कातडी गार पडायची. घरी येऊन ती तोंड धुवायची. पोलीस चौकीत तेव्हा एक शब्द मिळाला होता, बेपत्ता. तो शब्द घेऊन ती आणि सासरे रिक्षातून घरी येत होते, तर अण्णा वाटेत म्हणाले होते, "बे म्हणजे विना. पत्ता नसलेला. माणूस नाही असं हा शब्द म्हणत नाही, बघ. पत्ता नाही, एवढंच म्हणतो." रडावं की कपाळ बडवून घ्यावं, तिला कळेना. नवरा गेल्याला तीन दिवस झालेले, आणि हे गृहस्थ शब्द सोलत बसलेले.

पण अण्णा तसेच. वामन खाचणे सर. जन्मभर इंग्रजी शिकवलं त्यांनी, इथल्याच शाळेत. त्यांचे विद्यार्थी आज कापडाची आणि केळीची दुकानं चालवतात, इंग्रजीचं अक्षर कुणाला आठवत नाही, पण रस्त्यात सर दिसले की स्कूटरवरून पाय खाली टेकवतात. सरांना नाद होता तो नकार लागलेल्या जुन्या इंग्रजी शब्दांचा. रंजिता लग्न होऊन आली तेव्हा रावेरची बारावी पास पोरगी होती, आणि रोज संध्याकाळच्या चहाला तिचा हा क्लास चालायचा. "टोपी उचल," अण्णा म्हणायचे, "खाली कोण उभं आहे ते बघ." अनकेम्प्टची टोपी उचलली की खाली केम्प्ट. केम्प्ट म्हणजे विंचरलेला. पूर्वी इंग्रजीत विंचरायला तसा शब्द होता, तो गेला, आता विंचरलेल्याला कुणी केम्प्ट म्हणत नाही, न विंचरलेला तेवढा अनकेम्प्ट म्हणून शिल्लक आहे. अनकूथचंही तेच. आज त्याचा अर्थ रानटी, असभ्य. मुळात साधा होता, अनोळखी. कूथ म्हणजे ओळखीचा. "म्हणजे बघ," अण्णा बशीतला चहा फुंकत म्हणायचे, "या लोकांनी ओळखीचं माणूस टाकून दिलं आणि अनोळखी तेवढं घरात ठेवून घेतलं. अन पुढे त्यालाच शिव्या द्यायला लागले." सासूबाई आतून ओरडायच्या, "पोरीला पोळ्या लाटू द्या की ओ जरा!" रंजिताला मात्र ते आवडायचं, खोटं कशाला बोलावं? माहेरी तिला कुणी समोर बसवून असं काही सांगितलं नव्हतं. नाराजीची टोपी उचलली की राजी निघते आणि बेचैनच्या खाली चैन असते, हे ती भाजी चिरताना आपलं आपण शोधायची आणि सांगायला धावायची. नवऱ्याच्या नावालाही टोपी आहे, हेही तिला अण्णांनीच सांगितलं. निर् आणि अंजन. काजळाचा डाग नसलेला. "बापाने ठेवलंय नाव," निरंजन बाजूला बसून म्हणाला होता, "त्यातही नाही घातलंच."

आणि विधवा. तो शब्द अण्णांनी फार पूर्वी, सगळं ठीक असताना, हसत सांगितला होता. वि काढलं की धव उरतो, धव म्हणजे नवरा, असं पंडित लोक सांगतात. पण गंमत अशी की धव नावाचा शब्द आधी नव्हताच म्हणे. विधवा आधी होती, सबंध, एकटी. लोकांनी तिच्यापुढचं वि उपसर्ग समजून तोडलं आणि हातात उरलं त्याला नवरा करून टाकलं. रंजिता तेव्हा तोंडाला पदर लावून हसली होती. आता कधी दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती आरशासमोरच्या खुर्चीत स्वतः बसते आणि तोच शब्द डोक्यात घोळतो. आपलंही तसंच काही झालंय का? आपण आधीपासूनच अशा होतो आणि मधली ती तेरा-चौदा वर्षं, तो माणूस, त्याच्या ओल्या केसांचा वास, हे चुकीच्या ठिकाणी तोडल्यामुळे निघालं? असलं काहीतरी. मग तिला स्वतःचाच राग येतो, ती उठते आणि टॉवेल धुवायला घेते.

ओले केस म्हणजे काय, नुसतं रान होतं. निरंजनच्या डोक्यात दोन भोवरे होते. दोन भोवरे, दोन बायका, सासूबाई येताजाता म्हणायच्या, आणि रंजिताही म्हणायची, येऊ दे की दुसरी, कपडे तरी धुईल. त्या दोन भोवऱ्यांमुळे केस दोन दिशांना उभे राहायचे आणि कंगवा घातला की मधेच अडकायचा. तो घालू द्यायचा नाही. का, तेही सगळ्या गावाला ठाऊक होतं. नववीत तो बापाच्याच वर्गात होता. सरांनी फळ्यावर शब्द लिहिला, अर्थ विचारला, कुणाला येईना. सर म्हणाले, "निरंजन, स्टँड अप." तो उभा राहिला. सरांनी खडू त्याच्या डोक्याकडे केला आणि वर्गाला म्हणाले, "अनकेम्प्ट. नीट बघून घ्या, परत विसरणार नाही." नाही विसरले. तास संपेपर्यंत पोराला उभं ठेवलं होतं. बऱ्हाणपुरातल्या त्या वर्गातल्या एकूण एक माणसाला एवढा एक इंग्रजी शब्द अजून येतो. रंजिता नवी नवरी म्हणून बांगड्या भरायला गेली तर दुकानदार आत बघून ओरडला, "अरे देखो, अनकेम्प्ट की दुल्हन आई है!" घरी येऊन तिने विचारलं तेव्हा निरंजन खूप हसला. "त्या दिवसापासून फणी लावली नाही डोक्याला," म्हणाला. हसताना त्याचा खालचा ओठ थोडा थरथरायचा. ते तिला तेव्हा दिसायचं, पण कळायचं नाही.

गेला तो दिवसही असला साधा. भांडण नाही, तंटा नाही. भांडण झालं असतं तर निदान धरायला काही राहिलं असतं. दुपारी जेवून उठला, चपला घातल्या, आणि ती दारात वाळवणाच्या पापडांवर फडकं टाकत होती, तर तिने म्हटलं, "अहो, डोक्याला कंगवा तरी लावा, भूत दिसताय." तो म्हणाला, "येतो." बस्स. कितीदा तिने ते एक वाक्य परत मागे घेतलं असेल! भूत म्हणायला नको होतं. कंगव्याचं काढायलाच नको होतं. मग ती शोधायला लागली, आणि शोधायचं म्हणजे काय, तर डोकी बघायची. राजघाटावरचे भिकारी, स्टेशनातले वेडे, इच्छापूरच्या देवीच्या पायऱ्यांवर पडलेली माणसं, ज्याच्या म्हणून केसांच्या जटा झाल्यात त्या प्रत्येकापाशी ती थांबायची. पर्समध्ये कंगवा असायचा. ती झोपलेल्या माणसाच्या डोक्यावरचे केस बाजूला करून भोवरे बघायची. लोक म्हणायचे, हिचंही फिरलं. राजघाटावर एका म्हाताऱ्याचे केस तिने असेच बाजूला केले, एकच भोवरा निघाला, पण हात मागे घेववेना, म्हणून ती विंचरत बसली. म्हातारा जागा झाला, तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बेटी, घर चलें?" ती तिथून जी निघाली ती मागे न बघता घरी आली. त्यानंतर तिने घाटावर जाणं सोडलं, पुढच्या खोलीत खुर्ची टाकली, आरसा लावला, बाहेर बोर्ड लावला. डोक्यांवर हात बसलाच होता. निदान इथे माणसं आपल्या पायांनी येतात आणि विंचरून परत जातात.

पण खोली रिकामी झाली की त्रास होतो. आरशात खुर्चीची पाठ दिसते आणि पाठीच्या वर, जिथे डोकं यायचं, तिथे काहीतरी असतं. काय असतं ते तिने कुणाला सांगितलेलं नाही. दिसत नाही तसं. पण केर काढताना तिथून झाडू जात नाही, ती वळसा घालून जाते. सासूबाई वारल्या त्या वर्षी तिने अण्णांना एकदा म्हटलं होतं, "घर कसं भयाण वाटतं हो, माणसं असून." अण्णांनी तिच्याकडे न बघता चष्मा पुसला होता. मग म्हणाले, "अनकिड म्हणून एक शब्द होता. खेड्यापाड्यात वापरायचे. ओसाड, भयाण. पण मुळात त्याचा अर्थ वेगळा होता गं." "काय?" "न कळवलेलं." एवढं बोलून ते वर आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. बाई गेलेल्या माणसाचं दुःख, ती समजली होती. त्या रात्री तिने त्यांना दूधभात वरच नेऊन दिला.

आणि खकनार. ते तिला गोटूचा फोन ठेवल्याक्षणी आठवलं होतं, पण आठवू द्यायचं नाही म्हणून ती इतकं सगळं भलतंच आठवत बसली होती. उषाताई डोक्याला पिशवी बांधून घरी गेल्या होत्या. रंजिताने हात धुतले, दोनदा धुतले, नखातली मेंदी निघेना. गेल्या वैशाखात ती खकनारला एका नवरीच्या मेकपसाठी गेली होती. परतीची बस सुटायच्या बेतात होती, ती खिडकीशी, आणि खाली पानाच्या दुकानाशी एक माणूस बसकडे पाठ करून उभा. अंगाने भरलेला. केस तेल लावून चापून बसवलेले. आणि त्या चापलेल्या केसांतही, मागे, दोन भोवरे. दुकानाच्या आरशात चेहरा दिसत होता, मिशी होती, गाल वर आलेले, बारीक रेघेसारखा भांग. बाजूला एक बाई उभी होती. तिने सहज हात वर केला आणि त्याच्या शर्टाची मागची कॉलर सरळ केली. बस सुटली. रंजिताने हाक मारली नाही. तो होता का? दोन भोवऱ्यांची माणसं काय जगात एकच असतात? त्याच्यासारखा एक दिसला, बारा वर्षांत कितीतरी दिसले. पण हा विंचरलेला होता. आणि हेच तिला आतून खात सुटलं होतं. आपण येड्यासारखं सगळ्या जटावाल्यांच्या डोक्यात हात घालत फिरलो, आणि तो कुणाच्या तरी हातचा विंचरून, तेल लावून, पान खात उभा. आपल्याला वाटलं, तो हरवलाय म्हणजे तसाच असणार. ती बसमध्ये रडली नाही. रात्री दीपालीच्या डोक्याला तेल लावताना तिने अंगावर शाल ओढून घेतली, पोरगी म्हणाली, "मम्मी, ठंड लगी क्या?" वैशाखात.

दीपाली साडेतीनला आली, गाडी लावता लावताच बोलत. "मम्मी, गोटू अंकलने मलापण फोन केला. तू त्यांना सांगितलं नाही अजून?"

"सांगते गं. घाई काय आहे?"

"घाई आहे. साखरपुड्यात रोहितच्या आत्याने विचारलं, पप्पा काय करतात. मी म्हटलं, पप्पा नाहीत. ती म्हणाली, नाहीत म्हणजे? घरी नाहीत की...? इतके लोक बैठे थे, मम्मी. मी काय बोलणार? मी पाणी प्यायला उठून गेले." ती बेसिनपाशी जाऊन तोंडावर पाणी मारायला लागली. "तू श्री टाक, स्वर्गीय टाक, मला चलेगा. पण एक काहीतरी टाक ना. मला आता जाऊन त्या घरात रोज रोज हे नाही सांगायचं."

"अण्णा श्रीच म्हणतात. सकाळी फोन ऐकून वरूनच सांगितलं त्यांनी."

"अण्णा म्हणतात. आणि तू?"

रंजिता कंगवे डब्यात लावायला लागली. पोरगी बारा वर्षांची होती तेव्हा, आता तिचं लग्न आलंय, आणि आईला एका अक्षराचं उत्तर येत नाही. श्री लिहिलं की पुढचं सगळं आलं, कुठे असतात, कधी येणार, लग्नालाही आले नाहीत का, आणि पोरीने इच्छापूरला सासरच्या त्या भरल्या घरात जन्मभर मान खाली घालून ते ऐकायचं. स्वर्गीय लिहिलं की आपण आपल्या हाताने त्याला सरणावर ठेवला. आणि तो खकनारला पान खात उभा असला तर? जिवंत माणसाला मारायचं? तिने पदराने हात पुसले आणि जिन्याकडे गेली. आज अण्णांना खकनारचं सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं. बाप आहे, त्याला कळलंच पाहिजे. मग तो म्हणेल ते.

अण्णा खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. मांडीवर पेपर, कवळी काढून ठेवलेली. ती आलेली पाहून त्यांनी कवळी घातली. शिक्षक माणूस, सुनेसमोरही बोळक्या तोंडाने बोलणार नाही.

"गोटू विचारतोय," ती म्हणाली.

"त्यात काय विचारायचं? सकाळीच बोललो मी. श्री. दुसरं काही छापायचं नाही."

"पोरीला त्रास होतो, अण्णा."

"मी जिवंत असेतो माझ्या पोराच्या नावामागे दुसरं काही लागणार नाही." ते पेपर उलटायला लागले. "नावापुढे," त्यांनी स्वतःलाच दुरुस्त केलं.

रंजिता खाली फरशीवर बसली. किती बरं वाटायचं तिला यांच्या या हट्टाचं! सगळ्या जगाने सोडलं, पण या म्हाताऱ्याने आशा सोडली नाही, असं ती माहेरी सांगायची. "अण्णा, एक सांगायचं होतं," ती म्हणाली, "वैशाखात मी खकनारला गेले होते ना, तिथे बसमधून एक माणूस पाहिला. मागून बघितलं तर दोन भोवरे. म्हणजे, तोच असं मी नाही म्हणत. तब्येत चांगली होती, मिशी होती. केस तेल लावून बसवलेले, डावीकडे भांग..."

"उजवीकडे," अण्णा म्हणाले.

पेपरातून मान वर न करता म्हणाले. जन्मभर असंच सुधारलं त्यांनी सगळ्यांना. कुणी चुकीचं स्पेलिंग म्हटलं, कुणी क्रियापद चुकवलं, की जिथे असतील तिथून, जेवतानासुद्धा, बरोबर शब्द टाकायचे आणि पुढचा घास घ्यायचे. खोलीत पंखा फिरत होता. खाली दीपाली फोनवर हसत होती. रंजिताला आधी वाटलं, आपण चुकलोच. आरशात पाहिलं होतं आपण, रोज आरशात काम करणारी बाई, आणि तेवढ्या वेळेपुरता आरसा आहे हेच विसरलो, तो समोरून आपल्याकडे बघतोय असंच धरून चाललो. बरोबर आहे, उजवीकडेच असणार. आणि मग तिने अण्णांकडे पाहिलं. निरंजनने भांग कधी पाडलाच नव्हता.

अण्णांनी मान वर केली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

त्यांनी पेपराची घडी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तुझी सासू गेली तेव्हा. दहाव्याला. राजघाटावर पलीकडच्या पायऱ्यांवर उभा होता."

रंजिताला तो दिवस दिसला. पिंड ठेवलेला, कावळा शिवेना, सगळे हात जोडून ताटकळलेले, उन्हाने जीव नकोसा झालेला. आणि अण्णा एकाएकी मोठ्याने म्हणाले होते, "आला! आला!" सगळ्यांनी वर झाडाकडे पाहिलं. कावळा तर आलाच नव्हता. म्हाताऱ्याला भ्रम झाला म्हणून तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला होता.

"खकनारला खताच्या दुकानात असतो," अण्णा खाली बघून सांगत होते, "ती बाई चांगली आहे. मूलबाळ नाही. मी जातो महिन्या-दोन महिन्यांनी."

"दाताच्या डॉक्टरकडे जातो असं मला सांगून."

"हो."

सगळे दात काढून कवळी बसली तरी यांचं दाताचं काम संपत नव्हतं. आणि ती मऊ खिचडीचा डबा देत होती बरोबर! "तो म्हणाला, घरी सांगू नका," अण्णा म्हणाले. "मला वाटलं, सांगितलं तर पुन्हा जाईल. आता कुठे गेला तर माझ्याच्याने शोधणं व्हायचं नाही. निदान मला तरी दिसतोय."

"तुम्हाला तरी."

"मी त्याला वर्गात उभा केला होता गं, रंजिता. सगळ्यांसमोर. तो म्हणतो, त्या घरात शिरलो की मला उभंच राहावंसं वाटतं, बसवत नाही. मी काय तोंडाने त्याला घरी ये म्हणू?" त्यांचे डोळे भरून आले होते. दुसरा कुठला दिवस असता तर तिने पाणी आणून दिलं असतं.

"त्याला तुम्ही एक तास उभं केलंत, अण्णा," ती म्हणाली. "मला इतकी वर्षं."

तिला वाटलं होतं, आपण ओरडू, काहीतरी फोडू. तसं काही झालं नाही. ती थांबलेली बोटं आठवली, राजघाटावरची डोकी आठवली, सासूबाई शेवटच्या आजारात दाराकडे तोंड करून झोपायच्या ते आठवलं. तरीसुद्धा मनाचा एक कोपरा, काय निर्लज्ज असतो माणसाचा जीव, अजून विचारतच होता. तिने विचारून टाकलं.

"माझं कधी विचारतो?"

अण्णांनी खोटं बोलायला हवं होतं. बोलले असते तर कदाचित सगळं वेगळं झालं असतं. पण ते सर होते. "त्याने तुला पाहिलं होतं," ते म्हणाले. "पानाच्या दुकानाच्या आरशात. बसच्या खिडकीत तू दिसलीस. सांगत होता मला."

"आणि?"

"वळला नाही, म्हणाला. बस जाईपर्यंत तसाच उभा राहिलो, म्हणाला."

रंजिता उठली. जिन्यातून खाली गेली, आरशाखालच्या फळीवरचा फोन घेतला आणि परत वर आली. हे तिला अण्णांसमोरच करायचं होतं. गोटूने पहिल्या घंटीला उचलला. मागे मशीन धडधडत होतं.

"हां बोला भाभी!"

"स्वर्गीय टाक."

"अगं!" अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "तो जिवंत आहे गं!"

"माहीत आहे मला," तिने फोनवर हात ठेवून सांगितलं. मग हात काढला. "ऐकलं ना गोटूभाई? स्वर्गीय निरंजन वामन खाचणे. आणि माझ्या नावाआधी सौभाग्यवती लावलं असशील तर ते काढ. श्रीमती कर."

"पक्कं ना भाभी? एकदा छापलं की मग..."

"पक्कं. छाप."

तिने फोन ठेवला. दीपालीला संध्याकाळी सांगायचं, स्वर्गीय टाकलंय म्हणून, आणि एवढंच सांगायचं. पोरीने एकच उत्तर मागितलं होतं, ते तिला मिळेल. अण्णा परत खुर्चीत बसले होते. चेहऱ्यावरून पार म्हातारे दिसत होते, कवळी सैल झाल्यासारखे ओठ हलत होते. रंजिताला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा रागही आला.

"लग्नाला येणार होता तो," ते हळूच म्हणाले. "मांडवात नाही. रस्त्याच्या पलीकडे उभा राहून पोरगी तेवढी बघून जाणार होता. मीच म्हटलं होतं त्याला, ये."

"येऊ द्या की," रंजिता म्हणाली. दाराशी जाऊन ती वळली. "पत्रिका तुम्ही स्वतः नेऊन द्या. आणि सांगा, सहकुटुंब यायचंय म्हणावं."